कुत्रा कुणाचा? मुंबईतली १८३२ सालची दंगल

बचत गटाचा हिशेब आटोपला की बायका ज्या विषयावर येतात, त्यात शेजारचा कुत्रा हटकून असतो. वाळत घातलेल्या बोंबलांत शिरला, कोंबडी उचलली, शाळेत जाणाऱ्या पोरीच्या अंगावर धावला. मग कुणीतरी म्हणतंच, "घाला त्याला काहीतरी खायला, मिटेल कटकट." असंच मिटवायला गेलेल्या सरकारची गोष्ट आज सांगते. ती आपल्या समोरच्या मुंबईतच घडली.

साल १८३२. अलिबाग तेव्हा आंग्र्यांकडे होतं आणि मुंबई इंग्रजांच्या कंपनीकडे. मुंबईत मोकाट कुत्री फार झाली होती. वर्षातल्या ठराविक दिवसांत ती मारण्याचा हुकूम १८१३ पासून होता. त्या वर्षी सरकारने मुदत वाढवली. दर कुत्र्यामागे मारणाऱ्याला आठ आणे मिळत.

पाणी मुरलं ते या आठ आण्यांत. रस्त्यावरचा चपळ कुत्रा हाती लागत नाही. अंगणात बसलेला, माणसाळलेला लगेच सापडतो. पैसे तर दोघांचे सारखेच! मारणारे लोकांच्या घरांत शिरून पाळलेली कुत्री ओढून नेऊ लागले. पारशी धर्मात कुत्र्याला मोठा मान आहे. माणूस गेला की त्याच्या देहाला कुत्र्याची नजर दाखवायची, असा त्यांचा विधी. ६ जूनला फोर्ट भागात पारशांनी कुत्री मारणाऱ्या शिपायांवर हल्ला केला. दुसऱ्या दिवशी बाजार बंद पडला, इतर धर्मांचे लोकही सामील झाले. कुलाब्याच्या छावणीत जाणारी रसद लोकांनी अडवली. (हा मुंबईचा कुलाबा बरं का. आपला जिल्हाही १९८१ पर्यंत कुलाबाच होता.) शेवटी सैन्य आलं, धरपकड झाली.

पुढे जमशेटजी जीजीभॉय यांच्यासारखे वजनदार व्यापारी मध्ये पडले. कुत्री मारू नयेत, शहराबाहेर नेऊन सोडावीत, असं ठरलं. मला हा तोडगा अर्धाच वाटतो. शहराबाहेर म्हणजे दुसऱ्या कुणाच्या तरी दारातच ना? आपल्याकडेही कुत्र्याला पोत्यात घालून पुढच्या गावच्या वेशीवर सोडतात, आणि त्या गावच्या बायका आपल्याला शिव्या घालतात.

नंतरच्या काळात मुंबई महापालिकेने पुन्हा वर्षानुवर्षं कुत्री मारली. तरी ती संपली नाहीत. खाणं मिळतंय तोवर रिकाम्या जागी दुसरी येतात. आपल्या बंदरावर मासळीची घाण पडून असते, तिथे बघा. १९९४ पासून तिथे मारणं थांबवून नसबंदी आणि लसीकरण सुरू झालं.

म्हणून आधी विचारा, कुत्रा कुणाचा? मालक असेल तर दोघीतिघींनी मिळून त्याच्या ओटीवर जा. कधी, कुणाच्या अंगावर गेला ते तारखेसह सांगा. रेबीजची लस दिल्याचं कार्ड मागा, दिवसा बांधून ठेवायला सांगा. ऐकलं नाही तर ग्रामपंचायतीत लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. आपल्या जनावरापासून माणसाच्या जिवाला धोका होऊ नये म्हणून काळजी न घेणाऱ्याला भारतीय न्याय संहितेच्या कलम २९१ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. विष घालणाराही सुटत नाही. कलम ३२५ खाली पाच वर्षांपर्यंत शिक्षा आहे. कुत्रा बेवारस असेल, तर नसबंदी आणि लसीकरणाची मागणी ग्रामसभेत लावून धरा.

आणि कुत्रा चावलाच, तर हळद, चुना, तिखट काही लावू नका. जखम पंधरा मिनिटं साबण आणि वाहत्या पाण्याने धुवा आणि त्याच दिवशी सरकारी दवाखाना गाठा. पूर्वीसारखी पोटात चौदा इंजेक्शनं आता घ्यावी लागत नाहीत, दंडात देतात. सांगितलेल्या तारखा मात्र एकही चुकवू नका.