माघांतील जलप्रयाण

घोड नदीच्या खोऱ्यांत, शिनोली-घोडेगावच्या बाजूस, माघाच्या पहाटे अंगणांतली शेकोटी सोडवत नाहीं. हा मुलूख समुद्राकडे पाठ करून वसलेला आहे. पश्चिमेस सह्याद्रीचा कडा उभा. घोडेचें पाणीदेखील भीमेला मिळून पूर्वेकडेच वाहत जातें. येथून उत्तरेस जुन्नरचा शिवनेरी आहे. त्या किल्ल्यावर १६३० सालीं जन्मलेला राजा पुढें एका माघांत शिडें उभारून दक्षिणेच्या उबदार पाण्याकडे निघाला, ही गोष्ट म्हणूनच विचार करण्यासारखी आहे.

तें साल १६६५. आदल्याच वर्षीं मालवणच्या बेटावर सिंधुदुर्गाचा पाया घातला गेला होता. फेब्रुवारीच्या आरंभीं शिवाजीमहाराज ८५ गलबतें आणि ३ मोठीं जहाजें घेऊन मालवणाहून निघाले. ऋतु मोठ्या जाणतेपणानें निवडलेला होता. पावसाळ्यांत कोंकणचा समुद्र शिडाच्या जहाजांस बंद असतो. नारळी पौर्णिमेपासून तो उघडूं लागतो आणि हिवाळ्यांत पुरता निवतो. त्या दिवसांत रात्रीं व पहाटे जमिनीवरून मतलई वारा सुटतो, तो गलबतास किनाऱ्यापासून बाहेर काढतो. दुपारीं समुद्रावरून वायव्येचा वारा येतो, तो त्यास दक्षिणेकडे लोटतो. ह्या दोन वाऱ्यांची वेळ साधली म्हणजे वल्हेकऱ्यांस फारसे श्रम पडत नाहींत.

गोव्याचा किनारा मागें टाकून आरमार कानडी मुलुखांतील बसरूर बंदरास पोंचलें. बेदनूरच्या नायकांच्या राज्यांतील हें बंदर तांदळाच्या व्यापारानें संपन्न झालें होतें. तेथें अचानक छापा पडला व मोठी लूट हातीं आली. परततांना महाराजांनीं गोकर्णास महाशिवरात्रीचें स्नान केलें.

येथवर सर्व मनासारखें घडलें. परंतु जो वारा नेतो तोच परतीस आडवा येतो. वायव्येच्या जोराच्या वाऱ्यांमुळें आरमारास कित्येक दिवस परततां येईना, असें ग्रँट डफ नमूद करतो. अंकोल्यास महाराजांनीं नद्या उतरण्यासाठीं १२ गलबतें ठेवून घेतलीं, बाकीचें आरमार परत पाठविलें आणि ४,००० पायदळासह खुष्कीची वाट धरली. २२ फेब्रुवारीस ते कारवारास आले. तेथील इंग्रज व्यापाऱ्यांनीं आपला माल मस्कतच्या एका लहान जहाजावर चढविला होता. तरी खंडणींत ११२ पौंडांचा वाटा त्यांस उचलावाच लागला.

इकडे मिर्झाराजे जयसिंग मोंगल फौज घेऊन दक्षिणेंत उतरले होते. ३ मार्चला त्यांनीं पुणें गांठलें. पुढें पुरंदरास वेढा पडला आणि जूनमधील तहानें २३ किल्ले द्यावे लागले. जलप्रयाणामुळेंच हें संकट ओढवलें, असें म्हणणें अन्यायाचें होईल. ती फौज आलीच असती. तथापि राजानें राज्यापासून किती दिवस दूर राहावें, हें समुद्रावर राजा ठरवीत नाहीं, वारा ठरवितो. घोडा हव्या त्या क्षणीं वळवितां येतो. गलबत तसें वळत नाहीं.

ह्यानंतर महाराजांनीं स्वतः अशी सागरी स्वारी केल्याचें आढळत नाहीं. मात्र समुद्राकडे त्यांनीं पाठ फिरविली नाहीं. १६६७ मध्यें सिंधुदुर्ग पुरा झाला. १६७९ मध्यें मुंबईच्या तोंडाशीं खांदेरीचें बेट हातीं घेण्यांत आलें, आणि मायनाक भंडारी व दौलतखान यांनीं इंग्रजांशीं झुंजून तें राखलें. वाऱ्याशीं जन्माचा परिचय असलेल्या माणसांच्या हातीं सुकाणूं द्यावें व आपण त्यांच्या पाठीशीं उभें राहावें, हें ह्या घाटमाथ्याच्या राजानें ओळखलें होतें. बसरूरची लूट केव्हांच खर्ची पडली. पण मराठ्यांचें आरमार त्यांच्या मागेंहि कित्येक वर्षें ह्या किनाऱ्यावर नांदलें.