मालगुडीचं दुसरं पर्व

'मालगुडी डेज' म्हटलं की एल. वैद्यनाथन यांची धून आठवते, आर. के. लक्ष्मण यांची रेखाचित्रं आठवतात, आणि मंजुनाथ या मुलानं केलेला स्वामी. पण या मालिकेचं दुसरं पर्वही आलं होतं, हे किती जणांना आठवतं? इथं बेंगळुरूत विचारलं तरी माणसं क्षणभर थांबतात.

पहिलं पर्व १९८६ चं. दिग्दर्शक शंकर नाग. मुंबईत रंगभूमीवर घडलेला हा माणूस आपल्या '२२ जून १८९७' या मराठी चित्रपटाचा सहलेखक. स्वामीचे वडील झाले गिरीश कार्नाड, जन्म माथेरानचा. नारायण यांच्या 'गाइड'वर १९६५ साली हिंदी चित्रपट निघाला, तेव्हा त्यांची कथा दक्षिणेतल्या मालगुडीतून उचलून थेट राजस्थानात नेली होती. नारायण त्यावर नाराज होते आणि त्यांनी तसं लिहिलंही. शंकर नाग यांनी मालगुडी दक्षिणेतच ठेवलं. शिवमोग्गा जिल्ह्यातल्या आगुंबे गावात, खऱ्या पावसात, जुन्या चौकाच्या वाड्यात त्यांनी चित्रीकरण केलं. एकूण ३९ भाग झाले. १९९० मध्ये अपघातात ते गेले.

२००४ मध्ये हे काम कविता लंकेश यांच्याकडे आलं. नवे भाग २००६ मध्ये दूरदर्शनवर दिसले. त्या काही नवख्या नव्हत्या. त्यांचा 'देवीरी' हा चित्रपट गाजलेला होता, आणि त्यातही एका लहान मुलाच्या नजरेतून जग दिसतं. तरीही ते पर्व लोकांच्या मनात रुजलं नाही.

का? मला दोन कारणं दिसतात. १९८६ मध्ये बहुतेक घरांत एकच वाहिनी दिसायची. २००६ मध्ये हातात रिमोट होता, आणि रोजच्या मालिकांनी प्रेक्षकाला 'उद्या काय होणार' याची सवय लावली होती. मालगुडीची गोष्ट तर बसल्या बैठकीला संपते. उद्यासाठी काही शिल्लक ठेवत नाही. दुसरं कारण जास्त अवघड. शंकर नाग यांच्यापुढे कोरी पाटी होती. कविताताईंपुढे वीस वर्षं जपलेली आठवण होती, आणि आठवणीशी झुंज कोण जिंकतं?

काही जण म्हणतात, पुन्हा हात लावायलाच नको होता. मला हे पटत नाही. खुद्द नारायण १९३५ च्या 'स्वामी अँड फ्रेंड्स'पासून १९९० पर्यंत पुन्हापुन्हा मालगुडीत परतत राहिले. दर खेपेला गाव थोडं बदललेलं असायचं. लेखकानंच जे गाव कधी पूर्ण झालं असं मानलं नाही, त्याला ३९ भागांनंतर कुलूप लावणारे आपण कोण?

म्हणून एक करून बघा. घरातल्या ज्या मुलानं यातलं काहीच पाहिलेलं नाही, त्याला आधी दुसऱ्या पर्वातली एक गोष्ट दाखवा, मग पहिल्यातली. निवाडा त्याला करू द्या. आपण तेवढा वेळ गप्प बसू.