गाडी मिसिंग करतेय! - एका चुकलेल्या ठोक्याचा इतिहास

आपल्याकडच्या गॅरेजमध्ये एक मस्त शब्द आहे, "मिसिंग". "साहेब, गाडी मिसिंग करतेय", म्हणजे चारपैकी एखाद्या सिलिंडरमध्ये मधूनच स्फोट होत नाही आणि इंजिन थरथरतं. यातला सगळ्यात छळवादी प्रकार सकाळचा. रात्रभर थंड पडलेली गाडी सुरू केली की वीस-तीस सेकंद खडखड करते आणि मग जणू काही झालंच नाही अशी चालायला लागते. अकरा वाजता गॅरेजमध्ये न्यावी तर इंजिन गरम, मेकॅनिक म्हणतो, "काही नाही, झकास आहे!" आम्हा प्रोग्रामर मंडळींना हे वाक्य चांगलंच ओळखीचं आहे. "माझ्या मशीनवर तर चालतंय" ते हेच.

हा अर्ध्या मिनिटाचा चोर पकडायची पद्धत गेल्या शंभर वर्षांत कशी बदलत गेली, ती गोष्ट मोठी मजेशीर आहे.

मुळात थंड इंजिनाची अडचण साधी आहे. द्रवरूप पेट्रोल पेटत नाही, त्याची वाफ पेटते, आणि थंडीत वाफ कमी होते. म्हणून सुरुवातीला हवेच्या मानाने पेट्रोल जास्त द्यावं लागतं. जुन्या गाड्यांत हे काम चोक करायचा. कुर्ल्याच्या कारखान्यातून निघालेली प्रीमियर पद्मिनी ज्यांनी चालवली आहे, त्यांच्या हाताला तो खेचायचा दांडा अजून आठवत असेल. किती ओढायचा, कधी आत ढकलायचा, हे ज्याने त्याने अंदाजाने ठरवायचं. थोडक्यात, त्या गाडीतला कॉम्प्युटर म्हणजे चालवणारा माणूसच!

तेव्हाचं निदानही तसंच हाताचं. चालू इंजिनावर एकेका प्लगची वायर काढायची. जी काढून इंजिनाला काडीचाही फरक पडत नाही, तो सिलिंडर आधीच मेलेला. पद्धत बिनतोड, पण दोष अर्ध्या मिनिटात पळून जाणारा असेल तर चौथ्या वायरपर्यंत पोचेस्तोवर सगळं शांत.

पुढची कलाटणी गॅरेजमध्ये नाही, तर आकाशात मिळाली. जुलै १९४३ मध्ये लॉस एंजेलिस शहरावर डोळे झोंबवणारं धुरकं उतरलं. महायुद्ध चालू होतं, त्यामुळे काहींना तो जपानी विषारी वायूचा हल्लाच वाटला. पुढे कॅलटेकमधले आरी हागेन-स्मिट (हे गृहस्थ त्याआधी अननसाचा स्वाद कशाने येतो ते शोधत होते!) यांनी १९५० च्या सुमारास दाखवून दिलं की न जळलेलं इंधन आणि नायट्रोजनची ऑक्साइडं यांवर ऊन पडलं की हे धुरकं तयार होतं. १९६७ साली कॅलिफोर्नियात हवेसाठी खास मंडळ स्थापन झालं आणि हागेन-स्मिट त्याचे पहिले अध्यक्ष झाले. १९७५ च्या मॉडेलांपासून अमेरिकन गाड्यांत कॅटॅलिटिक कन्व्हर्टर आला.

इथे मिसिंगची किंमत एकदम वाढली. सिलिंडरमध्ये न पेटलेलं पेट्रोल सरळ कन्व्हर्टरमध्ये जातं, तिथे जळतं, आणि आतली मधाच्या पोळ्यासारखी जाळी अति उष्णतेने वितळू शकते. म्हणजे तुमच्या गाडीचा चुकलेला ठोका आता फक्त तुमची कटकट राहिली नाही, तो शहराच्या फुफ्फुसांचा प्रश्न झाला.

मग कायदा आला. १९८८ च्या मॉडेलांपासून कॅलिफोर्नियाने गाडीने स्वतःचे दोष स्वतः ओळखावेत अशी सक्ती केली. ती ओबीडीची पहिली पिढी. दुसरी पिढी १९९६ पासून सगळ्या अमेरिकेतल्या नव्या मोटारींना लागू झाली आणि तिच्यात मिसिंगवर नजर ठेवणं बंधनकारक होतं.

ही नजर ठेवतात कशी, तर क्रँकशाफ्टच्या दातेरी चाकासमोर एक सेन्सर असतो. दर स्फोटाला शाफ्ट किंचित वेग घेतो. चार सिलिंडरचं इंजिन मिनिटाला ९०० फेऱ्यांनी फिरत असेल तर सेकंदाला ३० स्फोट, म्हणजे साधारण ३३ मिलिसेकंदांना एक. एक चुकला की अर्धी फेरी जरा लांबते, आणि कॉम्प्युटर सिलिंडरचा नंबर टिपून ठेवतो. कन्व्हर्टर जळण्याइतकं मिसिंग आहे का, हे तो दर २०० फेऱ्यांत मोजतो, आणि प्रदूषणाच्या दृष्टीने किती, हे १००० फेऱ्यांत. गंमत म्हणजे खड्ड्यातून गाडी गेली तरी चाकांचा हिसका शाफ्टपर्यंत पोचतो आणि मिसिंगसारखाच दिसतो. म्हणून बऱ्याच गाड्या चाकांचा वेगही तपासून पाहतात. (आपल्याकडच्या रस्त्यांवर त्या बिचाऱ्या कॉम्प्युटरचे काय हाल होत असतील!)

भारतात ही साखळी थोडी उशिरा आली. सर्वोच्च न्यायालयाच्या १९९९ च्या आदेशानंतर दिल्ली परिसरात युरो मानकं आली, कार्ब्युरेटर आणि चोक हळूहळू गेले. ओबीडीची पहिली पायरी २०१० मध्ये आणि दुसरी २०१३ मध्ये सक्तीची झाली.

आता सकाळच्या चोराकडे परत येऊ. स्कॅनरवर पी०३०३ आला, म्हणजे तीन नंबरचा सिलिंडर. बरेच लोक इथेच थांबतात आणि कॉइल बदलून मोकळे होतात. पण कोड फक्त "कुठे" सांगतो, "का" सांगत नाही. त्याच्यासोबत फ्रीझ फ्रेम साठवलेली असते: दोषाच्या क्षणी कूलंटचं तापमान किती, फेऱ्या किती, इंजिनावर भार किती. आमच्या भाषेत प्रोग्राम कोसळला त्या क्षणाचा लॉग. तापमान २५ अंश दिसलं तर तक्रार थंड इंजिनाचीच, हे नक्की.

अडचण अशी की इंजिन पूर्ण थंड व्हायला रात्र लागते, म्हणजे दिवसाला एकच प्रयोग. म्हणून हुशार मेकॅनिक एका रात्रीत दोन प्रश्न विचारतो. तीनची कॉइल एक नंबरवर, तीनचा प्लग दोन नंबरवर. सकाळी कोड पी०३०१ झाला तर कॉइल दोषी, पी०३०२ झाला तर प्लग. तीनवरच राहिला तर दोघंही निर्दोष. मग गळका इंजेक्टर, व्हॉल्व्हवरचा कार्बन, थंडीत आकसणारं गॅस्केट असे संशयित उरतात.

आणि एक संशयित खरंच घातक आहे: हेड गॅस्केट. गाडी बंद केल्यावरही कूलंटमध्ये काही वेळ दाब असतो, आणि बारीक फट असेल तर थेंबथेंब पाणी सिलिंडरमध्ये उतरतं. सकाळी तोच सिलिंडर मिसिंग करतो, मागून पांढरी वाफ येते, पाणी जळून गेलं की सगळं सुरळीत. कूलंटची पातळी मात्र दर महिन्याला थोडी खाली. इथे कॉइली बदलत बसलात आणि एखाद्या रात्री पाणी जास्त साचलं, तर पाणी दाबलं जात नसल्यामुळे कनेक्टिंग रॉड वाकतो. म्हणजे इंजिन गेलंच.

या इतिहासातली मला सगळ्यात आवडणारी गोष्ट तंत्राची नाही, कायद्याची आहे. अमेरिकेच्या हवा कायद्यात १९९० साली दुरुस्ती करताना हेही लिहिलं गेलं की ही माहिती कंपनीच्या कुलुपात राहता कामा नये, बाहेरच्या मेकॅनिकलाही मिळाली पाहिजे. म्हणून आज स्टिअरिंगखालच्या त्या सोळा पिनांच्या सॉकेटला कोणीही स्वस्तातलं यंत्र लावून कोड वाचू शकतो. नाहीतर नाक्यावरच्या गॅरेजवाल्याचा धंदा केव्हाच बसला असता.

असो. तुमची गाडी सकाळीच मिसिंग करत असेल तर एक करा. तिला रात्रभर गॅरेजमध्येच ठेवा आणि पहिला स्टार्टर मेकॅनिकच्या समोर मारा. आणि त्याआधी कोड पुसू मात्र देऊ नका, त्याबरोबर फ्रीझ फ्रेमही जाते.