ईस्ला सेरितोस : एका माया बंदराचे पुरातत्त्वीय अध्ययन

प्रस्तावना :

माया संस्कृती म्हटली की अरण्यातील पिरॅमिड व शिलालेख डोळ्यांसमोर येतात. या समाजाजवळ ओझ्याची जनावरे नव्हती. माल माणसाच्या पाठीवरून जाई किंवा नावेतून. आणि अवजड माल दूरवर नेण्यास नावेसारखे स्वस्त साधन दुसरे नव्हते. तरीही बंदरांकडे अभ्यासकांचे लक्ष उशिरा वळले. प्रस्तुत लेखात मेक्सिकोतील युकातानच्या उत्तर किनाऱ्यालगतच्या ईस्ला सेरितोस या बेटाचा विचार केला आहे.

बेट आणि उत्खनन :

सुमारे २०० मीटर व्यासाचे हे बेट किनाऱ्यापासून अवघ्या अर्ध्या किलोमीटरवर आहे. १९८४-८५ मध्ये अँथनी अँड्र्यूज, तोमास गायारेता नेग्रोन व त्यांच्या सहकाऱ्यांनी येथे उत्खनन केले. बेटाच्या दक्षिणेस सुमारे ३३० मीटर लांबीची दगडी समुद्रभिंत आढळली. तिच्या आड नावा सुरक्षित उभ्या राहत. मेक्सिकोच्या मध्यवर्ती पठारावरील पाचुका येथील हिरवट ऑब्सिडियन (ज्वालामुखीजन्य काच), ग्वाटेमालाच्या डोंगराळ भागातील ऑब्सिडियन आणि पॅसिफिक किनाऱ्याकडील प्लंबेट भांडी या इवल्याशा बेटावर एकत्र सापडावीत, ही बाब पुरेशी बोलकी आहे.

येथील सोतुता प्रकारची खापरे चिचेन इत्साच्या खापरांशी जुळतात. हे नगर बेटापासून सुमारे ९० किलोमीटर आत आहे. त्यावरून ईस्ला सेरितोस हे चिचेनचेच बंदर होते, असे मत मांडले गेले. केवळ खापरांच्या साम्यावरून राजकीय सत्ता सिद्ध होत नाही. ग्राहक आणि प्रजा दोघेही एकच भांडे वापरू शकतात. मात्र एवढ्या लहान बेटावरील वस्तीला अशी भिंत स्वबळावर उभारणे अवघड होते. म्हणून उपरोक्त मत प्रस्तुत लेखकास ग्राह्य वाटते.

मिठाचा प्रश्न :

खरी अडचण वेगळीच आहे. ऑब्सिडियन टिकते, मीठ विरघळते. या किनाऱ्यावरील मिठागरे प्राचीन काळापासून प्रसिद्ध असून सोळाव्या शतकात दिएगो दे लांदा यानेही त्यांचे वर्णन केले आहे. अँड्र्यूज यांनी १९८३ मध्ये माया मिठाच्या व्यापारावर स्वतंत्र ग्रंथ लिहिला. पठारावरून काच आली, तर तिच्या बदल्यात येथून काय गेले? मीठ, सुती कापड, खारवलेले मासे यांचा अवशेष उरत नाही. परिणामी संग्रहालयात आयातच दिसते आणि हा व्यापार केवळ चैनीच्या वस्तूंचा होता, असा समज रूढ होतो.

१५०२ मध्ये कोलंबसला होंडुरासच्या ग्वानाहा बेटाजवळ मालाने भरलेली मोठी होडी भेटली. सुती वस्त्रे, तांब्याच्या कुऱ्हाडी व कोकोच्या बिया तीत होत्या. माया व्यापाराचा पुरावा म्हणून हा प्रसंग नेहमी दिला जातो. पण होडीतील लोक माया होते की नाही, याबद्दल मतभेद आहेत. शिवाय तोपर्यंत ईस्ला सेरितोसचा उत्कर्षकाळ संपून सुमारे तीन शतके लोटली होती. चिचेनच्या ऱ्हासाबरोबर बेटाचे महत्त्व ओसरले आणि पूर्व किनाऱ्यावरील कोसुमेल व तुलुम पुढे आली.