लोखंडाची भिंत : वरवंडच्या विहिरीपासून रांजणगावच्या कारखान्यापर्यंत

पुण्याहून सोलापूरच्या रस्त्याने निघाले की यवत आणि केडगाव-चौफुला मागे पडते आणि पाटसच्या अलीकडे वरवंड लागते. खडकवासल्याचे धरण एकोणिसाव्या शतकाच्या सरत्या दशकांत बांधून झाले, तसे मुठा उजव्या कालव्याचे पाणी शंभराहून अधिक किलोमीटरचा प्रवास करत या बाजूला येऊ लागले. कालव्याला पाणी असेल तोवर शेत हिरवे. आवर्तन संपले की सगळी भिस्त विहिरीवर, आणि विहिरीवर मोट. धावेवरून बैल उतरायचे, नाडा ताणला जायचा, मोट थारोळ्यात रिकामी व्हायची. दिवसभर राबून थोडेच वाफे भिजायचे.

मोटेचा हा आवाज थांबवला तो ऑइल इंजिनाच्या ठोक्याने. इंजिन घ्यायचे म्हणजे घरातली मोठी उलाढाल. त्यासाठी उसाचे पैसे लागत, कधी कर्ज काढावे लागे. म्हणून घेणारा चारचौघांना विचारून घेई आणि जाणता मिस्त्री पहिल्यांदा ब्लॉककडे, म्हणजे सिलिंडर ज्यात असतो त्या ओतीव लोखंडाच्या ठोकळ्याकडे, बोट दाखवी. पंप, पट्टा, फ्लायव्हील, नोझल हे सगळे बदलता येते. ब्लॉक तडकला की इंजिनच गेले. आज एखादा तरुण मोटार जोरात पळावी म्हणून तिचे इंजिन नव्याने बांधायला घेतो, तेव्हा त्याच्यापुढेही हाच प्रश्न असतो : सिलिंडरच्या भिंतीत लोखंड किती शिल्लक आहे?

या लोखंडाची महाराष्ट्रातली कथा नांगरापासून सुरू होते. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० मध्ये औंध संस्थानात पंतप्रतिनिधींच्या आधाराने किर्लोस्करवाडी वसवली आणि निवडुंगाच्या माळावर ओतशाळा उभी केली. पहिल्या महायुद्धात कच्चे लोखंड मिळेनासे झाले, तेव्हा कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी दिलेल्या जुन्या तोफा वितळवून नांगर ओतले गेले. कोणत्या लोखंडात काय मिसळायचे, साचा किती ओला ठेवायचा, ओतीव थंड कसे होऊ द्यायचे, हे ज्ञान त्या नांगरांनीच या भागातल्या कारागिरांना दिले. सातारारोडला धनजीशा कूपर यांचा कारखानाही नांगरांनीच सुरू झाला होता. तिथे १९३० च्या दशकात डिझेल इंजिने तयार होऊ लागली. हेच कूपर १९३७ मध्ये काही महिने मुंबई इलाख्याचे पंतप्रधान होते.

पुण्यात खडकीला शंतनुराव किर्लोस्करांनी १९४६ मध्ये किर्लोस्कर ऑइल इंजिन्स सुरू केली. अमेरिकेतल्या एमआयटीत शिकून आलेल्या शंतनुरावांनी ब्रिटिश कंपनीशी तांत्रिक करार केला. या घराण्यातले खेड्यापाड्यांत पोहोचलेले इंजिन म्हणजे एव्ही-१. एक उभे सिलिंडर, ८० मिलिमीटरचा बोअर म्हणजे सिलिंडरचा आतला व्यास, ११० मिलिमीटरचा स्ट्रोक म्हणजे पिस्टनची धाव, मिनिटाला १५०० फेरे आणि पाच अश्वशक्ती. मूळ घडण इंग्लंडच्या पेटर कंपनीची. पंजाबात याच जातीच्या इंजिनावर चालणाऱ्या घरगुती बनावटीच्या गाडीला आजही ‘पीटर रेहडा’ म्हणतात. विहिरीवरचे इंजिन उचलून चाकांवर बसवण्याची कल्पना शेतकऱ्याला कुणी शिकवावी लागली नाही.

दौंड तालुक्यात या इंजिनांना दुहेरी काम होते. एरवी विहिरीवर पाणी उपसायचे आणि हंगामात गुऱ्हाळाचा चरक फिरवायचा. केडगावच्या आसपासचा गूळ नावाजलेला. चरकात उसाची मोळी एकदम शिरली की इंजिनावर अचानक भार पडतो, गव्हर्नर जास्त डिझेल सोडतो, धूर काळा होतो आणि पिस्टनवरचा दाब वाढतो. तो दाब वर हेडला आणि खाली क्रँकला ढकलतो. या दोघांना एकत्र धरून ठेवतो तो ब्लॉक. भिंत पातळ असेल तर बोअर किंचित वाकतो, रिंगा नीट बसत नाहीत, दाब खाली निसटतो आणि ऑइल वर येऊन जळू लागते. गुऱ्हाळावर ही गोष्ट निळसर धुरावरून कळे. शर्यतीच्या गाडीत टर्बोचा दाब वाढवला की नेमके हेच घडते, फक्त काही सेकंदांत.

मिस्त्री जुना ब्लॉक कसा पारखतो, ते पाहण्यासारखे असते. आधी रॉकेलने सगळा गाळ धुऊन काढतो. मग लहान हातोडीने ठिकठिकाणी हलके ठोके देतो. अखंड लोखंड खणखणते, तडकलेले बद्द वाजते. संशय असेल तिथे रॉकेल लावून थोडा वेळ मुरू देतो, कोरड्या फडक्याने पुसतो आणि खडूची पूड चोळतो. चीर असेल तर आत मुरलेले रॉकेल वर येते आणि पांढऱ्या खडूवर केसासारखी काळी रेघ उमटते. मग तो बोअरमध्ये वरच्या कडेला नख फिरवतो. रिंगा जिथवर जातात तिथे झिजून पायरी पडलेली असते. ती नखाला अडली की बोअर डायल गेज बाहेर निघते. वर, मध्ये, खाली आणि प्रत्येक जागी आडवे-उभे, अशी मापे घेतली की बोअर किती लंबगोल झाला ते कळते. मग ठरते की पाव मिलिमीटर मोठा बोअर करून ओव्हरसाइझ पिस्टन घालायचे, अर्ध्या मिलिमीटरपर्यंत जायचे की नवा लायनर ठोकायचा.

बोअर वाढवला की ताकद वाढते, हे कंपन्यांनाही ठाऊक होते. किर्लोस्करांच्या टीव्ही-१ इंजिनात स्ट्रोक ११० मिलिमीटरच राहिला, बोअर मात्र ८७.५ झाला. घनमान ५५३ घनसेंटिमीटरवरून ६६१ वर गेले आणि पाच अश्वशक्तीची सात झाली. आज देशभरच्या अभियांत्रिकी महाविद्यालयांत इंधनाच्या चाचण्या याच टीव्ही-१ वर चालतात. कारखान्याने मात्र बोअरबरोबर भिंतीही त्या हिशेबाने ओतल्या. गॅरेजात तयार ब्लॉक कातताना ती सोय नसते. जितका बोअर वाढतो, तितकी भिंत कमी होते. म्हणून काळजीने काम करणारे लोक कातण्याआधी ध्वनिलहरींच्या यंत्राने भिंतीची जाडी मोजून घेतात.

वरवंडच्या उत्तरेला, भीमेपलीकडच्या शिरूर तालुक्यात, रांजणगाव. महागणपतीचे हे गाव एकविसाव्या शतकात इंजिनांचे गाव झाले. फियाट आणि टाटांच्या संयुक्त कारखान्यात १.३ लिटरचे मल्टिजेट डिझेल तयार होऊ लागले. बोअर ६९.६, स्ट्रोक ८२ मिलिमीटर, ब्लॉक ओतीव लोखंडाचा. सुझुकीने हेच इंजिन हरियाणात बांधले. स्विफ्ट, डिझायर, पुंटो, लिनिया, इंडिका व्हिस्टा अशा कितीतरी गाड्यांत ते बसले आणि वाहनप्रेमींनी त्याला देशाचे इंजिन असे लाडाचे नाव दिले. इंधन किती द्यायचे ते ठरवणारा संगणकीय नकाशा बदलून त्याची ताकद वाढवणारे तरुण पुण्या-मुंबईत भरपूर निघाले. रांजणगावातूनच २०१५ मध्ये १४५ अश्वशक्तीची अबार्थ पुंटो बाहेर पडली. तिच्या १.४ लिटर टी-जेट इंजिनाचा ब्लॉकही लोखंडीच, आणि त्याच घनमानाच्या इंजिनातून युरोपातल्या अबार्थ ६९५ गाड्यांनी १८० अश्वशक्ती काढली.

ॲल्युमिनियम हलके असते, उष्णता लवकर सोडते, म्हणून नव्या गाड्यांत त्याचेच ब्लॉक जास्त. पण लोखंडाची घनता त्याच्या अडीचपटीहून अधिक आहे आणि ते दाबाखाली कमी वाकते. त्यातल्या ग्रॅफाइटच्या पापुद्र्यांमुळे कंपनेही शोषली जातात. टर्बो लावून जोर काढायचा असेल, तर अनेक बांधणारे वजन सोसतात आणि लोखंड निवडतात.

ब्लॉक नवाच हवा असेही नाही. ओतीव थंड होताना पातळ भाग आधी गोठतो, जाड भाग मागाहून, आणि आत ताण राहून जातो. पूर्वी कारखाने ओतीव भाग महिनोन्‌महिने उन्हापावसात ठेवत, ते हा ताण सुटावा म्हणून. १९८३ मध्ये नेल्सन पिकेने ब्रॅबॅम गाडीतून फॉर्म्युला वनचे विजेतेपद मिळवले. त्या गाडीचे दीड लिटरचे टर्बो इंजिन बीएमडब्ल्यूने १९६० च्या दशकातल्या साध्या मोटारीच्या लोखंडी ब्लॉकवर उभे केले होते. रस्त्यावर धावून मुरलेले ब्लॉक त्यासाठी खास निवडले जात, ही गोष्ट शर्यतीच्या जगात मोठ्या प्रेमाने सांगितली जाते. वर्षानुवर्षे पाणी ओढून मुरलेल्या ब्लॉकवर विश्वास टाकणाऱ्या विहिरीवरच्या मिस्त्रीला ती पटली असती.

विजेवरचे पंप आले आणि विहिरीवरची इंजिने एकेक करून बंद झाली. १.३ मल्टिजेटही प्रदूषणाच्या नव्या नियमांपुढे २०२० मध्ये भारतात थांबले. रांजणगावात त्यानंतरही दोन लिटरचे मल्टिजेट बनत राहिले आणि जीप कंपासपासून टाटा हॅरिअरपर्यंत पोहोचले.

जुनी इंजिने महामार्गालगतच्या भंगारवाल्यांकडे किलोच्या भावाने येतात. ओतीव लोखंड वेगळे काढले जाते, कारण ओतशाळांच्या भट्टीला ते हवे असते. ओळखीचा ब्लॉक दिसला, तर जाणता माणूस तो ढिगातून बाहेर ओढतो, दोन ठोके देतो आणि कान लावतो. खणखणला तर तो काट्यावर चढत नाही. लायनर नवा पडतो, क्रँक घासून बसवली जाते, हँडल मारले जाते आणि कुणाच्या तरी शेततळ्यावर पट्टा पुन्हा फिरू लागतो.