चौकटीत लपलेले शब्द

मंडळी, वर्तमानपत्र हाती आले की काही जण बातम्यांच्या आधी शब्दकोडे उघडतात. मग घरातली वडील माणसे म्हणतात, “झाले यांचे रिकामपणाचे उद्योग सुरू!” हे नाक मुरडणे काही आजचे नाही, बरे का!

शब्दकोड्याचा जन्म २१ डिसेंबर १९१३ चा. त्या दिवशी ‘न्यूयॉर्क वर्ल्ड’ या पत्राच्या रविवारच्या पुरवणीत आर्थर विन यांनी रचलेले कोडे प्रसिद्ध झाले. दहा-अकरा वर्षांत या खेळाने अमेरिकेला वेड लावले. ‘न्यूयॉर्क टाइम्स’ या भारदस्त पत्राने १९२४ साली त्यावर टीका केली. हा निव्वळ वेळेचा अपव्यय, असे बजावले. पुढे महायुद्ध पेटले. डिसेंबर १९४१ मध्ये पर्ल हार्बरवर हल्ला झाला, आणि १५ फेब्रुवारी १९४२ रोजी त्याच पत्राने स्वतःचे पहिले कोडे छापले! काळजीने ग्रासलेल्या मनाला विरंगुळा लागतो, हे संपादकांना पटले होते.

याच कोड्याचे धाकटे भावंड म्हणजे शब्दशोध. अक्षरांनी भरलेल्या चौकटीत आडवे, उभे, तिरपे शब्द दडवायचे आणि ते हुडकायचे. स्पेनमध्ये पेद्रो ओकोन दे ओरो यांनी अशी कोडी रचली. अमेरिकेत ओक्लाहोमा राज्यातील नॉर्मन या गावी नॉर्मन गिबट यांनी आपल्या छोट्या फुकट पत्रिकेत १ मार्च १९६८ रोजी असे कोडे दिले. आणि गंमत पाहा, त्याच्या जादा प्रती मागू लागले ते गावातले शिक्षक, आपल्या वर्गातल्या मुलांसाठी!

शिक्षकांना त्यात काय दिसले असेल? तुम्हीच सोडवून पाहा. ‘कमळ’ शोधायचे तर ‘क’च्या मागे धावू नका, तो ठायी ठायी भेटेल. आधी दुर्मीळ ‘ळ’ धरा, मग त्याच्या आठही दिशांना नजर फिरवा. म्हणजे नुसते डोळे ताणून भागत नाही, पद्धत लागते. आणि ती रोजच्या सरावाने अंगी मुरते.

आपल्या मराठीत तर याहून मोठा लाभ आहे. इंग्रजीत एका घरात एक सुटे अक्षर बसते. आपल्याकडे काना-मात्रा-वेलांटीसह पुरे अक्षर बसते. त्यामुळे ‘दिन’ म्हणजे दिवस आणि ‘दीन’ म्हणजे गरीब, यांची घरे वेगळी पडतात. ‘सुत’ म्हणजे मुलगा, ‘सूत’ म्हणजे धागा. ऱ्हस्व-दीर्घाचा जो नियम घोकून पोराच्या डोक्यात शिरत नाही, तो इथे खेळता खेळता ध्यानात राहतो. मात्र सापडलेल्या शब्दाचा अर्थ विचारायला विसरू नका. नाहीतर तो नुसता डोळ्यांचा व्यायाम होईल.

गुरुजी, यासाठी छापील पुस्तकच हवे असे नाही. फळ्यावर दहा-दहा घरांची चौकट आखा. पेरणीची अवजारे, ओढ्याकाठची झाडे, शेजारची गावे तीत लपवा. हुडकण्याचे काम मुलांवर सोपवा, आणि दुसऱ्या दिवशी चौकट त्यांनाच आखू द्या. शब्द लपवायचा तर तो आधी अचूक लिहिता यावा लागतो!