बाह्य हार्ड डिस्कवरील लाइव्ह लिनक्स

संगणकाच्या आतील डिस्कमध्ये कोणताही बदल न करता, यूएसबीद्वारे जोडलेल्या बाहेरच्या हार्ड डिस्कवरून थेट सुरू होणाऱ्या व चालणाऱ्या लिनक्स संचालन प्रणालीला बाह्य हार्ड डिस्कवरील लाइव्ह लिनक्स असे म्हणतात. स्थापना (इन्स्टॉलेशन) न करता प्रणाली वापरता येणे हे 'लाइव्ह' पद्धतीचे मुख्य लक्षण होय. नवी प्रणाली पारखून पाहणे, बंद पडलेल्या संगणकातील फाइली वाचवणे, जुना संगणक उपयोगात आणणे आणि अनेकांच्या सामायिक संगणकावर स्वतःची प्रणाली वापरणे, हे तिचे प्रमुख उपयोग आहेत. मात्र केलेले काम नेमके कोठे साठते, हे वापरकर्त्याने आधीच ठरवावे लागते. ते न ठरवल्यास संगणक बंद करताच काम नाहीसे होऊ शकते.

इतिहास

लिनस टोरवाल्ड्स यांनी १९९१ मध्ये लिनक्सचे मूळ कर्नल प्रसिद्ध केले. पुढच्याच वर्षी, १९९२ मध्ये, आलेली इग्ड्रासिल ही सीडीवरून चालू शकणारी आरंभीची लिनक्स वितरणिका होती. जर्मनीतील क्लाउस नॉपर यांच्या नॉपिक्स (२०००) या वितरणिकेमुळे लाइव्ह पद्धत लोकप्रिय झाली. ७०० एमबीच्या सीडीत सुमारे २ जीबी सामग्री दाबून बसवण्याचे तंत्र तिने वापरले होते. २००३ मध्ये आलेली पपी लिनक्स ही आकाराने लहान असून संपूर्णपणे रॅममध्ये उतरून चालू शकते.

सीडीवर लिहिलेले बदलता येत नसे. त्यामुळे आरंभीच्या लाइव्ह प्रणालीत काम जतन करणे कठीण होते. यूएसबी साधने स्वस्त झाल्यावर ही अडचण दूर झाली. मायक्रोसॉफ्टनेही २०१२ मध्ये विंडोज ८ सोबत 'विंडोज टू गो' ही तत्सम सोय आणली; पुढे २०२० मध्ये विंडोज १० मधून ती काढून टाकण्यात आली.

कार्यपद्धती

संगणक सुरू होताच त्यातील बायॉस किंवा यूईएफआय हा मूलभूत प्रोग्राम बूट करण्याजोगी डिस्क शोधतो. बाह्य डिस्क निवडल्यास तिच्यावरील बूटलोडर लिनक्सचे कर्नल रॅममध्ये आणतो. प्रणालीच्या सर्व फाइली 'स्क्वॅशएफएस' नावाच्या दाबलेल्या स्वरूपात असतात व त्या केवळ वाचता येतात. त्यांच्यावर रॅममधील एक लिहिण्याजोगा थर 'ओव्हरलेएफएस' या सोयीने अंथरला जातो. वापरकर्ता जे बदल करतो ते या वरच्या थरात नोंदले जातात; खालची मूळ प्रणाली जशीच्या तशी राहते. छापील पानावर पारदर्शक कागद ठेवून त्यावर लिहावे, तसाच हा प्रकार आहे. वीज जाताच रॅम रिकामी होते आणि वरचा कागदही जातो.

प्रकार

काम कोठे साठते यावरून तीन प्रकार पडतात.

१. शुद्ध लाइव्ह प्रणाली: यात सर्व बदल रॅममध्ये राहतात व संगणक बंद होताच पुसले जातात. दुसऱ्याच्या संगणकावर मागे काही राहू नये अशी इच्छा असल्यास हा प्रकार योग्य ठरतो. 'टेल्स' ही गोपनीयतेसाठीची वितरणिका याच तत्त्वावर आधारलेली आहे.

२. टिकाऊ साठ्यासह लाइव्ह प्रणाली: यात वरचा थर रॅमऐवजी बाह्य डिस्कवरील स्वतंत्र विभागात किंवा फाइलीत ठेवतात. त्यामुळे कागदपत्रे, मांडणी व नवे प्रोग्राम पुढच्या वेळी तसेच मिळतात. एफएटी३२ पद्धतीच्या विभागात एका फाइलीची मर्यादा ४ जीबी असल्याने मोठ्या साठ्यासाठी ईएक्सटी४ पद्धतीचा वेगळा विभाग करणे सोयीचे असते. मूळ प्रणाली दाबलेलीच राहत असल्यामुळे प्रत्येक अद्यतन वरच्या थरात साठते व जागा हळूहळू भरत जाते.

३. बाह्य डिस्कवर पूर्ण स्थापना: ही काटेकोर अर्थाने लाइव्ह प्रणाली नव्हे, आतील डिस्कऐवजी बाहेरच्या डिस्कवर केलेली नेहमीची स्थापना होय. रोजच्या दीर्घकालीन वापरासाठी व नियमित अद्यतनांसाठी ती अधिक योग्य असते.

तयारी

वितरणिकेची आयएसओ फाइल तिच्या अधिकृत संकेतस्थळावरून उतरवून घेतात व तेथे दिलेल्या पडताळणी अंकाशी जुळवून पाहतात. ही फाइल डिस्कवर नुसती नक्कल करून चालत नाही. रुफस, बलेना एचर किंवा तत्सम प्रोग्रामने ती बूट होईल अशा रीतीने लिहावी लागते. या पद्धतीत निवडलेल्या डिस्कवरील पूर्वीची सामग्री नष्ट होते. 'व्हेंटॉय' या प्रोग्रामने डिस्क एकदा तयार केली की पुढे तीवर अनेक आयएसओ फाइली साध्या फाइलींप्रमाणे ठेवता येतात व सुरुवातीला त्यांतून एक निवडता येते. मोठ्या हार्ड डिस्कसाठी ही पद्धत विशेष सोयीची आहे.

संगणक सुरू होताना ठरावीक कळ दाबल्यास बूट करण्याच्या साधनांची यादी दिसते. डेल व लेनोव्होच्या बहुतेक संगणकांत ती एफ१२, तर एचपीच्या संगणकांत एफ९ असते. काही वितरणिकांसाठी 'सिक्युअर बूट' ही सोय बंद करावी लागते. जुन्या ३२-बिट संगणकांसाठी त्या प्रकारची वितरणिका निवडावी लागते. अनेक प्रमुख वितरणिकांनी ३२-बिट आवृत्त्या बंद केल्या आहेत.

वेग आणि वीज

फिरत्या तबकडीच्या हार्ड डिस्कवर विखुरलेल्या लहान फाइली वाचण्यास वेळ लागतो, म्हणून प्रणाली सुरू होताना ती मंद वाटते. बाह्य एसएसडी याबाबतीत बरीच वेगवान असते. यूएसबी २.० ची कमाल गती सेकंदाला ४८० मेगाबिट, तर यूएसबी ३.० ची ५ गिगाबिट आहे. २.५ इंची डिस्क यूएसबीतूनच वीज घेते, ३.५ इंची डिस्कला स्वतंत्र वीजजोड लागतो. त्यामुळे वीज वारंवार जाते तेथे २.५ इंची डिस्क व बॅटरी असलेला लॅपटॉप ही जोडी अधिक सुरक्षित ठरते.

धोके व दक्षता

* लिहिताना चुकीची डिस्क निवडल्यास आतील डिस्कच पुसली जाऊ शकते. नाव व आकारमान दोन्ही तपासून पाहावे.
* पूर्ण स्थापना करताना बूटलोडर आतील डिस्कवर लिहिला जाण्याची शक्यता असते. तसे झाल्यास बाह्य डिस्क काढल्यावर मूळ संगणक नीट सुरू होत नाही. बूटलोडर बाह्य डिस्कवरच जाईल याची खात्री करावी.
* विंडोजमध्ये 'फास्ट स्टार्टअप' चालू असल्यास संगणक पूर्णतः बंद होत नाही. अशा वेळी लिनक्समधून तिच्या विभागात लिहिल्यास फाइली बिघडू शकतात.
* बिटलॉकरने कुलूपबंद केलेल्या संगणकात सिक्युअर बूट बदलल्यास पुढील वेळी विंडोज रिकव्हरी की मागू शकते. ती आधीच लिहून ठेवावी.
* लिनक्स संगणकाचे घड्याळ जागतिक प्रमाणवेळेनुसार ठेवते, तर विंडोज स्थानिक वेळेनुसार. त्यामुळे भारतात विंडोजमधील वेळ साडेपाच तासांनी मागे पडलेली दिसू शकते.
* डिस्क हरवल्यास तीवरील कागदपत्रे कोणालाही वाचता येतात; टिकाऊ साठा सांकेतिक रूपात (एन्क्रिप्शनसह) ठेवणे इष्ट. चालू प्रणालीत डिस्क ओढून काढू नये. डिस्क हीदेखील बिघडणारी वस्तू असल्याने महत्त्वाच्या फाइलींची दुसरी प्रत अन्यत्र असावी.

मराठी आणि महाराष्ट्र

पुणे येथे मुख्यालय असलेल्या प्रगत संगणन विकास केंद्राने (सी-डॅक) भारतीय भाषांसाठी 'बॉस लिनक्स' ही डेबियनवर आधारित वितरणिका विकसित केली. तीत मराठीचाही समावेश आहे. रेड हॅटने प्रसिद्ध केलेला 'लोहित' हा मुक्त टंकसमूह पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकने पुरवला होता. आयआयटी मुंबईच्या 'स्पोकन ट्युटोरियल' प्रकल्पात लिनक्सचे पाठ मराठीतही आहेत.

रायगड जिल्ह्यातील एका वाडीवरच्या शाळेत २००७ मध्ये 'प्रत्येक मुलास लॅपटॉप' या उपक्रमाचे लिनक्सवर चालणारे लॅपटॉप देण्यात आले होते. त्यांतील 'शुगर' ही मुलांसाठीची मांडणी २००९ मध्ये 'शुगर ऑन अ स्टिक' या नावाने यूएसबी पेनड्राइव्हवरून चालण्याजोगी झाली. यामुळे साधा संगणकही शुगरसाठी वापरता येऊ लागला व विद्यार्थ्याचे काम त्याच्या पेनड्राइव्हवरच राहू लागले.

लिनक्सच्या बहुतेक वितरणिकांची प्रत करून दुसऱ्यास देणे कायदेशीर आहे. म्हणून बुलढाणा जिल्ह्यातील संग्रामपूरसारख्या तालुक्याच्या गावी एकाने काही जीबीची फाइल उतरवून घेतली, तर तीच पुढे अनेक शाळांना व विद्यार्थ्यांना डिस्कवरून डिस्कवर देता येते. विंडोज १० चा अधिकृत आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. विंडोज ११ न चालणारे जुने संगणक भंगारात काढण्यापूर्वी त्यांवर लिनक्स चालते का, हे लाइव्ह डिस्कने विनामूल्य तपासता येते. ध्वनी, वाय-फाय, मुद्रणयंत्र आणि मराठीचा इनस्क्रिप्ट कळफलक या चार गोष्टी प्रथम पडताळून पाहाव्यात. त्यानंतरच स्थापनेचा निर्णय घ्यावा.

हे सुद्धा पाहा

* लिनक्स
* उबुंटू
* मुक्त सॉफ्टवेअर
* इनस्क्रिप्ट कळफलक